माफी मागायला चालत गेलेल्या सेसिलबाई

सेसिलबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रडत होते. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी नुकतीच लागले होते. वय चोवीस, वर्ग आठवी क, आणि पहिल्याच आठवड्यात त्या वर्गाने मला पुरते जेरीस आणले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मी डोळे पुसत होते. तेवढ्यात गणिताच्या एक बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. सुती साडी, गळ्यातल्या बारीक साखळीत क्रूस, बोटे खडूने पांढरी झालेली.

"नाव काय तुझं?"

"विजया."

"विजू, उद्यापासून तुझ्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसते. चालेल ना?"

त्या खरोखरच बसल्या. सलग पाच दिवस, आपले मोकळे तास खर्चून, आठवीतल्या मुलांच्या शेजारी त्या दाटीवाटीने बसल्या. सहाव्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विषय तुला चांगला येतो. पण तू फळ्याशी बोलतेस. फळा कधीच पास झालाय, विजू. पोरं राहिलीयत."

मी हसले आणि त्याच क्षणी त्यांची शिष्या झाले. पुढे चार वर्षे परदेशात मी त्यांच्या हाताखाली काम केले. म्हणूनच त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात 'तिकडच्या' वर्षांविषयी मी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले असावे. बाई स्वतः त्याविषयी फारसे बोलत नाहीत. पाली गावात आणि भाईंदरमध्ये त्यांना ओळखणाऱ्या अनेकांना एवढेच ठाऊक आहे, की बाई आणि अंतोनकाका काही वर्षे आफ्रिकेत मिशनच्या कामाला गेले होते. तिथे काय घडले, ते आज सर्वांसमोर ठेवताना मला मनापासून अभिमान वाटतो.

बाई मूळच्या भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या पालीच्या. वडील होडीवर, आई मासळीची पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात. त्यांच्या गल्लीतून पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली मुलगी म्हणजे बाई. पती अंतोनकाका मुंबईच्या गोदीत फिटर होते. या दांपत्याला मूलबाळ नाही, पण त्यांच्या घराचे दार मी कधी बंद पाहिले नाही. गणितात नापास झालेली मुले संध्याकाळी पालीच्या बसने तिथे पोहोचत. बाई त्यांना आधी जेवायला वाढत आणि मग रागावत.

नवे शतक नुकतेच लागले होते, तेव्हा आमच्या छोट्या मिशनसंस्थेकडे झांबिया देशातून एक विनंती आली. तिथल्या तांब्याच्या खाणींच्या भागात, एका लहान शहरात, तिथल्या कॉलेजात शिकून शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी एक विद्यार्थिनीगृह होते. ते सांभाळायला आणि मुलींना गणित व विज्ञान शिकवायला माणसे हवी होती. बाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. निवृत्तीला अवकाश होता, नोकरी पक्की होती. तरी त्यांनी अर्ज केला.

शिक्षकखोलीत चर्चा होणारच. आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले, "बाई, तिकडे तर गल्लोगल्ली चर्च आहेत म्हणतात. मग तुम्ही ख्रिस्ती करायला जाताय तरी कोणाला?"

बाई पेपर तपासत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "कोणालाच नाही. देव तिथं माझ्याआधी पोचलाय. गणिताच्या बाई पोचलेल्या नाहीत."

खरी अडचण होती ती बाईंच्या आईची. त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या आणि लेकीच्या घरापासून चार घरे पलीकडे एकट्या राहत. त्यांना सांगायला बाई गेल्या तेव्हा मी सोबत होते. बाईंनी किती वेळ आडवळणाने बोलणे लावले, पण म्हातारीला सगळे आधीच कळलेले होते. त्या म्हणाल्या, "जा तू. मना बगाला आखा गाव हाय. त्या पोरींना कोन हाय?" बाई उठून मागच्या दारी गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

अंतोनकाकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांची तक्रार एकच होती. नकाशा उलगडून ते म्हणाले, "सेसिल, मी येतोय. पन तिथं समुद्र न्हाय. चारी बाजूंनी जमीनच हाय."

मीही जायचे ठरवले. आमचे कुटुंब नगरकडचे. वडील नोकरीसाठी मुंबईत आले आणि नंतर मीरा रोडला स्थायिक झाले. अविवाहित मुलगी आफ्रिकेत जाणार म्हटल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी वडिलांना उपदेश केला नाही की बायबलमधले वचन ऐकवले नाही. जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी तिला नेतेय तशीच परत आणीन, असं वचन देणार नाही. ती बदलेल. पण तिच्या आजारपणात उशाशी मी असेन, एवढं देते." पहिल्याच वर्षी मला मलेरिया झाला. नऊ दिवस बाई माझ्या खोलीतच खाली चटई टाकून झोपल्या आणि दर दोन तासांनी मीठ घातलेली पेज चमच्याने भरवत राहिल्या. वडिलांना दिलेला शब्द त्यांनी असा पाळला.

विद्यार्थिनीगृह म्हणजे पत्र्याच्या छपराचे एक लांबट घर. अंगणात आंब्याचे झाड. बावीस मुली. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला तिथे न्शिमा म्हणतात. सोबत पालेभाजी किंवा सुकी मासळी. पहिल्याच आठवड्यात बाजारात गेलो तेव्हा टोपल्यांमध्ये चांदीसारख्या चमकणाऱ्या बारीक सुक्या मासळीचे ढीग दिसले. ती तिथल्या तळ्यांतली मासळी. बाई उकिडव्या बसल्या, मूठभर मासळी उचलून वास घेतला, बोटांत मोडून पाहिली आणि थेट पालीच्या बोलीत विक्रेतीला म्हणाल्या, "ही नीट वालली न्हाय." ती बाई आपल्या बेम्बा भाषेत काहीतरी तावातावाने बोलली. बाईंनी तिला खालच्या थरातली ओलसर मासळी काढून दाखवली. ती विक्रेती मांडीवर हात मारून हसली. पुढे बाईंना बेम्बा भाषा शिकवली ती तिने. दर शनिवारी बाई तिच्या शेजारी फळकुटावर बसत आणि वहीत शब्द उतरवून घेत.

अंतोनकाका पहिल्या महिन्यापासूनच सगळ्यांचे झाले. सायकली, हातपंप, शिवणयंत्रे, जे बिघडेल ते त्यांच्याकडे येई. बाईंना मात्र वेळ लागला. मुली त्यांना मान देत, पण घाबरून. बाईंची शिस्त आपल्याकडच्या शाळेची होती. बुधवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यास, रोज सकाळी सहाला प्रार्थना, साडेसहाला गणित, आणि दाराशी हजेरीची वही. गैरहजर राहायचे तर वहीत कारण लिहायचे आणि बाईंची सही घ्यायची.

आता मी जे सांगणार आहे ते गौरवग्रंथात शोभेल का, असा प्रश्न काहींना पडेल. मलाही पडला होता. म्हणून मी बाईंनाच विचारायला पालीला गेले. त्या म्हणाल्या, "ते लिहिणार असशील तरच लिही. नुसती स्तुती लिहिलीस तर मी तो ग्रंथ घरात ठेवणार नाही." म्हणून लिहिते.

बावीस मुलींमध्ये चांदा नावाची एक मुलगी होती. तिकडे हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही. काकांना ते आपल्याकडचेच वाटे, ते तिला 'चंदा' म्हणून हाक मारत. ती एकोणीस वर्षांची, अबोल आणि गणितात सर्वांत हुशार होती. बाईंचा तिच्यावर विशेष जीव होता आणि म्हणूनच विशेष राग. कारण चांदाच्या गैरहजेऱ्या सगळ्यांत जास्त होत्या. फेब्रुवारीत तिने वहीत लिहिले, 'आईचे निधन.' बाईंनी तिला जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरवला, आठ दिवसांची रजा दिली. एप्रिलमध्ये तिने लिहिले, 'वडिलांचे निधन.' बाई हळहळल्या. त्या रविवारी उपासनेत त्यांनी चांदासाठी मोठ्याने प्रार्थना केली. आणि जूनमध्ये त्याच अक्षरात पुन्हा लिहिलेले आढळले, 'आईचे निधन.' चांदा दोन आठवड्यांनी परतली, तेव्हा सगळ्या मुली जेवायला बसल्या होत्या. बाई वही घेऊनच आल्या.

"चांदा, तुला आया किती?" त्यांनी सर्वांसमोर इंग्रजीत विचारले.

चांदा उठून उभी राहिली आणि तिने मान खाली घातली.

"फेब्रुवारीत तुझी आई गेली. मी तुझ्यासाठी रडले. आता जूनमध्ये पुन्हा गेली? मरणाच्या नावावर खोटं बोलतात का?"

चांदा काहीच बोलली नाही. बाईंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ कबुली असा घेतला. "या सत्रापुरती तू घरी जा. खरं बोलावंसं वाटलं की ये." चांदाने आपली पेटी भरली. निघताना ती बाईंच्या समोर गुडघे टेकून, तळहात हलकेच वाजवून, तिकडच्या रीतीने मोठ्यांना करतात तसा नमस्कार करून गेली. त्या नमस्काराने तरी आम्हाला काही कळायला हवे होते. मला हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण मी तिथेच बसले होते आणि मीही गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी मुली जेवल्या नाहीत. घोषणा नाहीत, तक्रार नाही. न्शिमाची भांडी झाकलेली तशीच राहिली. प्रार्थनेला सगळ्या आल्या, पण एकीनेही गाणे म्हटले नाही. दुपारी प्रयोगशाळेत एक मुलगी माझ्याजवळ रेंगाळली. मी खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, "चांदा खोटं बोललेली नाही. आमच्याकडे आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात आणि वडिलांच्या भावाला वडीलच. तिला जन्म देणारी आई ती आठ वर्षांची असतानाच गेली. ज्या दोघी आता गेल्या त्यांनी तिला वाढवलं. आणि ते वडील तिची फी भरत होते."

"मग ती काल बोलली का नाही?"

मुलगी माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली. "मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर 'तुम्ही चुकलात' असं कसं म्हणणार?"

त्या वर्षांत त्या देशात एड्सच्या आजाराने घरेच्या घरे रिकामी होत होती. तरणीताठी माणसे जात होती. आम्ही ते ऐकून होतो, छापील कागदांवर वाचून होतो. पण आमच्याच हजेरीच्या वहीत ते लिहिलेले होते, आणि आम्हाला वाचता आले नव्हते.

मी बाईंच्या खोलीत जाऊन सगळे सांगितले. त्यांनी वही उघडून त्या पानावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आपल्यात म्हणतात, माय मरो, मावशी उरो. या पोरीची मावशीही उरली नाही गं. आणि मी तिला विचारलं, आया किती." पण त्या रडत बसल्या नाहीत. "काकांना सांग मुलींकडे बघा म्हणून. विजू, चल."

चांदाचे गाव मिनीबसने तीन तासांवर, आणि पुढे लाल मातीच्या वाटेने पायी. बाईंचे गुडघे तेव्हाही दुखत. वाटेत एक सायकलवाला थांबला आणि त्याने त्यांना मागे बसवून नेण्याची तयारी दाखवली. बाई नको म्हणाल्या. "ही वाट पायांनीच जायची आहे," एवढेच मला म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. तिकडे मयत झाले की घरातले सामान बाहेर काढतात, बायका आतल्या खोलीत जमिनीवर बसून राहतात आणि पुरुष बाहेर शेकोटीभोवती. चांदाच्या घरात दोन आठवडे उलटूनही सुतक संपलेले नव्हते. आत दहा-बारा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. चांदा चुलीशी होती, पाठीला बांधलेली चारेक वर्षांची मुलगी, आजूबाजूला आणखी तीन मुले. आम्हाला पाहून ती जागच्या जागी थिजली. तिला वाटले, आम्ही खरेखोटे तपासायला आलो आहोत.

बाईंनी दाराबाहेर चपला काढल्या. आत गेल्या आणि सर्वांत शेवटी, दाराजवळच्या मोकळ्या जमिनीवर बसल्या. कोणाशी काही बोलल्या नाहीत. मीही त्यांच्याजवळ बसले. असे दोन दिवस गेले. बाई त्यांच्यासोबत बसत, त्या रडत तेव्हा रडत, त्या जे खात ते खात. दुसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या बाईने, ती चांदाची आजी होती, चांदाला विचारले, "या कोण?"

"माझ्या शिक्षिका."

"तुला घरी पाठवलं त्याच?"

तेव्हा बाई गुडघ्यांवर उठल्या. बेम्बा भाषेतही आपल्यासारखेच मोठ्यांशी बोलताना अनेकवचन वापरतात. धाकट्यांसाठी ते वापरत नाहीत. बाईंनी चांदाकडे वळून, त्या आदराच्या रूपात म्हटले, "मुंजेलेलेको." मला क्षमा करावी. आणि मग मोडक्यातोडक्या वाक्यांत, मासळीबाजारात शिकलेल्या शब्दांत, आपण काय बोललो होतो ते सगळे त्यांनी त्या बायकांपुढे सांगितले. काहीही वगळले नाही.

खोलीत एकदम चुळबूळ झाली. चांदा तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. म्हातारी जराशी सरकली आणि आपल्या चटईवर शेजारी जागा करून तिने तिथे हाताने थोपटले. बाई उठून त्या चटईवर जाऊन बसल्या.

संध्याकाळी चांदा बाईंजवळ आली. "तुम्ही रागावला होता, कारण मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटलं. मला त्याचं वाईट नाही वाटलं," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं ते तुम्ही आधी माझ्यासाठी रडला होता, ते तुम्ही परत घेतलंत याचं."

"ते परत घेतलेलं नाही," बाई म्हणाल्या. "घेता येत नाही."

चांदाने कॉलेजला परत यावे हे सोपे नव्हते. गेलेल्या आईची ती चार पोरे कोण सांभाळणार? बाईंनी तिथे कोणताही आग्रह धरला नाही. आजीनेच तोडगा काढला. तीन मुलांना ती बघणार होती. चौथी, पाठीवरची, चांदाला सोडून राहत नव्हती. ती पेटीसोबत विद्यार्थिनीगृहात आली. यावर संस्थेच्या तिथल्या समितीचे कडक पत्र आले की, हे गृह केवळ विद्यार्थिनींसाठी असून लहान मुलांना ठेवता येणार नाही. नियम मोडल्यास व्यवस्था दुसऱ्यांकडे द्यावी लागेल. बाईंनी त्या मुलीचे नाव शेजारच्या बालवाडीत घातले आणि उत्तर लिहिले, 'सदर मुलगी बालवाडीत शिकत आहे, म्हणजे ती विद्यार्थिनीच आहे. हजेरी नियमित आहे. गणितात गती बरी आहे.' त्या विषयावर समितीचे पुढे कधी पत्र आले नाही.

पण त्याआधी, परतलो त्याच दिवशी, बाईंनी सगळ्या मुलींना जेवणाच्या टेबलाशी बोलावले होते. मी म्हटले, "बाई, तुम्ही तिची माफी मागितलीत की. आता पुन्हा कशाला?" त्या म्हणाल्या, "अपमान कुठं केला होता? या टेबलापाशी. मग माफी गावात जाऊन मागून कसं भागेल?" आणि बावीस मुलींपुढे उभे राहून त्यांनी तेच सगळे पुन्हा सांगितले. त्या दिवसापासून मुली त्यांना घाबरायच्या थांबल्या. हजेरीच्या वहीतला रजेच्या कारणाचा रकाना त्यांनी ठेवला, मात्र सहीआधी त्या प्रत्येक मुलीला बसवून विचारू लागल्या, "गेलेलं माणूस कोण होतं, मला सांग." कधी अर्धा अर्धा तास त्या ऐकत असत. साडेसहाचे गणित सातला सुरू होऊ लागले.

आमच्या मिशनविषयी मला कोणी विचारले की मी हे सांगते. बाईंनी प्रवचने थोडी केली आणि फारशी चांगलीही केली नाहीत, हे त्याच मान्य करतात. पण पश्चात्ताप म्हणजे काय, हे त्या बावीस मुलींनी आणि मी त्या टेबलापाशी पाहिले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पालीहून बाईंच्या भाच्याचा फोन कॉलेजच्या कार्यालयात आला. आई गेल्या होत्या. सकाळी अंगणात बसल्या होत्या, तशाच गेल्या. दफनविधी दुसऱ्या दिवशी होता. आम्ही होतो तिथून त्या वेळेत पालीला पोहोचणे शक्यच नव्हते. काका डोके धरून बसले. बाई म्हणाल्या, "मुलींची परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात," आणि खडू घेऊन वर्गावर गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी फळ्यावर एक गणित मांडले, सोडवले, पुसले आणि तेच पुन्हा मांडले. मागच्या बाकांवरून चांदा आणि आणखी काही मुली हळूच उठून बाहेर पडल्या.

तास संपवून बाई घराकडे आल्या तेव्हा अंगणात आंब्याखाली आमचे सगळे सामान होते. टेबल, खुर्च्या, कपाटसुद्धा. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया अंथरल्या होत्या. चांदा दारात उभी होती. तिने बाईंचा हात धरला आणि त्यांना आत नेऊन भिंतीशी, मधल्या चटईवर बसवले. स्वतः त्यांना खेटून बसली. मग एकेक करून मुली आल्या. शेजारणी आल्या. दुकान बंद करून मासळीवाली आली आणि बाईंच्या पायाशी बसून मोठ्याने रडू लागली. बाहेर पुरुषांनी काकांच्या भोवती लाकडे रचून शेकोटी केली. तोवर कोरड्या डोळ्यांनी वावरणाऱ्या बाईंनी चांदाच्या खांद्यावर डोके टाकले आणि आईला हाक मारली. पालीच्या बोलीत. तिथे कोणालाच ती भाषा कळत नव्हती, आणि कोणालाच अडचण आली नाही.

तीन दिवस ते घर भरलेले होते. येणाऱ्या प्रत्येकीला चांदा दाराशी सांगत होती, "आमची आजी गेली. पालीची." चौथ्या दिवशी सकाळी मी हजेरीची वही उघडली. बावीस नावांपुढे, बावीस हस्ताक्षरांत, रजेचे कारण लिहिलेले होते, 'आजीचे निधन.' बाईंनी ते पान वाचले. पेन मागून घेतले आणि एकेका नावापुढे सही केली.

मी चार वर्षांनी परतले. माझे लग्न ठरले होते आणि काम अर्धवट टाकून जात असल्याची बोच मला होती. बाईंनी ती दोन वाक्यांत काढली, "बोलावणं आयुष्यभराचं असतं, पत्ता बदलू शकतो. तिकडं संसार कर, तेही देवाचंच काम." बाई आणि काका एकूण सात वर्षे राहिले. जायची वेळ आली तेव्हा त्यांच्या जागी भारतातून कोणाला पाठवायचे, याची समितीने यादी मागवली. बाईंनी यादीत एकच नाव लिहिले, चांदाचे. ती तोवर सरकारी शाळेत गणिताची शिक्षिका झाली होती. इतक्या तरुण आणि स्थानिक मुलीकडे जबाबदारी द्यावी का, यावर समितीने तीन बैठका घेतल्या. बाईंनी शेवटी कळवले, 'इथे आता पालीहून कोणी यायची गरज उरलेली नाही. आमच्या कामाला यश आले असेल तर ते हेच.' आज ते विद्यार्थिनीगृह चांदा चालवते. पाठीवरून आलेली तिची धाकटी बहीण आता मोठ्या शाळेत जाते. पालीच्या शेजाऱ्यांनी आणि भाईंदरच्या माजी विद्यार्थ्यांनी हे वाचावे आणि ताठ मानेने सांगावे, की या आमच्या बाई.

परत आल्यावर बाई विश्रांती घेतील असे आम्हाला वाटले होते. सहा महिन्यांत त्यांचा फोन आला, "विजू, तुझ्या मीरा रोडला नया नगरमध्ये एका बाईंनी खोली देऊ केलीय. दहावीच्या मुलींना गणित लागतं. विज्ञान कोण शिकवेल?" गेली दोन वर्षे आठवड्यातून चार दिवस हा वर्ग चालतो. मुली मुस्लिम घरांतल्या, माध्यम उर्दू किंवा इंग्रजी, आणि बाईंचे हिंदी म्हणजे अर्धे मराठी. "ये आंकडा इधर लेके आनेका, मग चिन्ह बदलनेका," असे त्या शिकवतात आणि मुलींना ते बरोबर कळते. सुरुवातीला एक आई दारात उभी राहून सगळा तास ऐकत असे. क्रूस घातलेल्या बाई मुलींना नेमके काय शिकवतात, याची तिला काळजी होती. बाईंनी एके दिवशी तिला आत बोलावून खुर्ची दिली. महिनाभर ती रोज बसली. आता ती स्वतःच गणिते सोडवते आणि येत्या वर्षी बाहेरून दहावीला बसणार आहे. परवा मला म्हणाली, "टीचर से बोलो ना, मेरेको भी होमवर्क कम दें. घर में खाना भी पकाना होता है." मी निरोप दिला. बाईंनी गृहपाठ कमी केला नाही.

सेसिलबाई साठ वर्षांच्या झाल्या. अंतोनकाकांसह त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांच्या वतीने परमेश्वराकडे प्रार्थना. माझे स्वतःचे मागणे त्याहून थोडे साधे आहे. नया नगरची ती खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. देवाने बाईंच्या गुडघ्यांना बळ द्यावे, जिन्यात मध्येच टेकायला भिंत द्यावी, आणि पुढची कित्येक वर्षे दर जूनमध्ये वर पोहोचल्यावर नव्या मुलींनी भरलेली खोली द्यावी. बाकी सगळे त्या शिकवून घेतील.